मामाचा स्लॉट

"जालिंदर आलाय," आई धापा टाकत खोलीत शिरली, "पण मागच्या दारानं."

मी आरशासमोर बसले होते. निम्म्या केसांत गजरा माळून झाला होता, निम्मे केस मोकळे होते. माझ्या लग्नाचा दिवस होता, आणि सांगलीतल्या त्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दारानं सकाळपासून फक्त गॅसच्या टाक्या, कोबीची पोती आणि बँडवाले आत येत होते.

"मागच्या दारानं का?"

"मला काय विचारतीस? बँडवाल्यांच्यात बसून चहा पितोय. मी म्हटलं, अरे वर चल. तर म्हणतो, 'न्हाई आक्का, आमची एन्ट्री इकडनंच हाय.'"

"आणि साडी?"

आई पलंगावर टेकली. "हातात तर काहीच दिसलं नाही गं."

आमच्याकडे नवरी मामानं आणलेली पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसते. मग मामा येतो, हाताला धरून तिला बोहल्यावर नेतो आणि अक्षता पडून होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. लहानपणापासून लग्नाबद्दल मला एवढंच पक्कं ठाऊक होतं. नवरा कोण असेल ते माहीत नव्हतं, मामा कोण ते माहीत होतं. जालिंदरमामा, आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. तासगावात त्याचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. मे महिन्याच्या सुटीत मी त्याच्या दुकानात बसून तांब्याच्या तारेच्या बांगड्या करून घ्यायचे आणि सांगायचे, "मामा, माझ्या लग्नात तू मला उचलून न्यायचं." तो म्हणायचा, "आधी खाणं कमी कर."

आणि आता तो खाली बँडवाल्यांच्यात बसला होता. याला कारण माझा भाऊ.

माझा थोरला भाऊ इंद्रजित पुण्यातल्या एका वित्त कंपनीत होता. तिथं तो नेमकं काय करतो ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं, पण तो घरी आला की आमच्या घराचंही तेच करायचा. बाबांचा दुखरा गुडघा ही 'लाँग टर्म लायबिलिटी' होती. माझं केदारशी ठरलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, "ड्यू डिलिजन्स केलास का?" मला वाटलं, काहीतरी रक्ताची तपासणी असेल, म्हणून मी हो म्हटलं. केदारचे आईवडील झाले 'स्टेकहोल्डर'. वाईट म्हणजे हा आजार संसर्गजन्य निघाला. आई मला म्हणायची, "देवघरातले देव जरा अलाइन कर." एसटीतून निवृत्त झालेले बाबा शेजाऱ्यांना दारातूनच सांगायचे, "हिला आत्ता बोलवू नका, हिची बँडविड्थ नाही."

लग्न ठरल्यावर दादानं सगळी सूत्रं हातात घेतली आणि फोनवर ग्रुप काढले. आम्ही घरचे 'कोअर टीम'. केदारकडचे 'स्टेकहोल्डर्स'. पाहुणे 'गेस्ट्स'. आणि केटरर, बँड, फोटोग्राफर, भटजी हे 'व्हेंडर्स'. मामाला त्यानं या शेवटच्या ग्रुपात टाकलं. चुकून नव्हे, विचार करून. "ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारा माणूस म्हणजे व्हेंडर," तो म्हणाला, "यात भावनेचा प्रश्न येतोच कुठे?"

मग त्या ग्रुपवर त्याचा संदेश गेला. सर्व पार्टनर्सनी आपली सेवा आपापल्या स्लॉटमध्ये द्यावी. प्रवेश मागील दाराने. गळ्यात ओळखपट्टा सक्तीचा. वधूकक्षात प्रवेश नाही. जेवण शेवटच्या पंगतीत. खाली नावं आणि कामं होती. मगदूम आण्णा, जेवण. रशीद मास्तर, बँड. आणि जालिंदर सावंत, 'ब्राइड मूव्हमेंट, गौरीहर ते स्टेज'.

त्यावर मामाचं उत्तर आलं होतं, "ओके सर."

आम्ही पोट धरून हसलो होतो. आई हसली नव्हती. ती म्हणाली, "मामाला अक्षत द्यायला घरचं माणूस तासगावला जायला पाहिजे. नारळ, पानसुपारी ठेवून सांगायचं असतं." दादानं फोन तिच्यापुढे धरला. "आई, दोन्ही टिका निळ्या झाल्यात. मेसेज पोचलाय. परत जाऊन सांगणं म्हणजे डुप्लिकेशन."

आता दादा खोलीत आला. अंगात सूट, कमरेला वॉकीटॉकी. खरं तर कार्यालय एवढंसं होतं की जिन्यात उभं राहून हाक मारली तर भटारखान्यात ऐकू जायची.

"प्रॉब्लेम काय आहे?" तो म्हणाला. "रिसोर्स साइटवर आहे ना?"

"रिसोर्स?"

"मामा गं."

"मामानं साडी आणली नाही," मी म्हटलं.

"त्याची व्यवस्था आहे." त्यानं कपाट उघडून एक पिशवी काढली. आत पिवळी साडी. कोरी, कडक, दुकानाच्या चिठ्ठीसकट. "आपण कुठल्याच गोष्टीत एकट्यावर अवलंबून नाही राहिलो."

मी ती पिशवी परत कपाटात ठेवली. "दादा, नीट ऐक. मामाची साडी आल्याशिवाय मी गौरीहरापुढे बसणार नाही. आणि मामानं हात धरल्याशिवाय तिथून उठणार नाही."

"म्हणजे डेडलॉक."

"म्हणजे लग्न नाही."

हे मी बोलून गेले आणि माझं मलाच रडू आलं. केदार खाली मुंडावळ्या बांधून बसला होता, त्याची काही चूक नव्हती. पण मामा रुसून बसलेला असताना बोहल्यावर चढायचं कसं, हे मला खरोखरच कळत नव्हतं.

बाबा दारात उभे होते. "इंद्रा, खाली जा आणि त्याच्या पाया पड."

"बाबा, असं एकदम नाही. मी आधी एस्कलेट करतो. त्याच्या वरच्या लेव्हलला कोण आहे?"

"तुझी आजी होती. ती वारली."

मी फोन उचलला आणि मामाला लावला. मागे कुणीतरी क्लॅरिनेटवर सूर लावत होतं.

"मामा, वर ये."

"बाई, वधूकक्षात आमाला प्रवेश न्हाई. तसा नियम हाय."

"अरे, मी नवरी आहे. मी बोलावतेय तुला."

"ते खरं. पण रायटिंगमधी पायजे."

मी फोन बाजूला धरला आणि दादाकडे बघितलं. तो मुकाट्यानं टाइप करायला लागला, 'श्री. जालिंदर सावंत यांना वधूकक्षात प्रवेश देण्यात येत आहे.' लगेच मगदूम आण्णांचा अंगठा आला. भटजींनी हात जोडले. रशीद मास्तरांनी विचारलं, "आम्ही पण येऊ काय?"

मामा आला. पांढरा नवा शर्ट, घोटून दाढी, डोक्याला काही नाही. गळ्यात निळा पट्टा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हेंडर'. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. माझ्याकडे बघून त्याचे डोळे क्षणभर हसले, आणि मग त्यानं ते हसू आवरलं.

"आत ये की," आई म्हणाली.

"इथं बरा हाय, आक्का. काम सांगा."

दादा पुढं झाला. त्यानं घसा साफ केला. "मामा, तुझ्या भावनांची आम्ही नोंद घेतली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. पुढच्या वेळी आपण प्रोसेस सुधारू."

"पुढच्या येळंला?" मामानं माझ्याकडे बोट केलं. "ही दुसऱ्यांदा लगीन करणाराय व्हय?"

बाबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"मामा," मी म्हटलं, "तुला व्हेंडर म्हटलं म्हणून राग आलाय ना?"

"छ्या! राग कशाचा? ग्रुप चांगला हाय की. लई चांगली माणसं. मगदूम आण्णाच्या बायकोचा गुडघा दुखतोय, तिला मी आपल्या वैद्याचं तेल पाठवलं. रशीदभाईच्या मिक्सरची मोटार भरून दिली. भटजींचा बोअरचा पंप दुरुस्त झाला. ह्या पोरानं मला कामाला लावलं, त्याचं उपकार हायत."

"मग साडी का नाही आणलीस?"

तो पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "साडी मामा आणतोय, बाई. वेंडर कशाला आणंल?"

तेवढ्यात खालून माइकवर भटजींचा आवाज आला. "मुलीला गौरीहराजवळ बसवून घ्या. मुलीचे मामा तयार आहेत का? मुलीच्या मामांनी लवकर यावे."

"आलो, आलो!" जिन्यातून उत्तर आलं, आणि मामाच्या मागे एक भगवा फेटा उगवला. अत्तराचा भपका पाठोपाठ. हा शिवदासमामा, आईचा मिरजेचा चुलतभाऊ. वर्षातून एकदा भाऊबीजेला येणारा, गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं धोतर नेसलं होतं आणि कपाळाला गंध लावलं होतं.

"इंद्रजित, मी रेडी आहे बरं का," तो म्हणाला. मग त्याला जालिंदरमामा दिसला आणि त्याचा चेहरा पडला. "अरेच्चा. तू आलास? मग माझं काय?"

"तुझं काय म्हणजे?" आईनं विचारलं.

"अगं, इंद्रजितनं मला कधीचंच सांगून ठेवलंय. जालिंदर नसला तर मी. फेटा पण त्यानंच दिलाय. म्हणून तर मी परवा तासगावला ह्याच्या दुकानात जाऊन विचारून आलो, बाबा, तुझं नक्की आहे का, म्हणजे मी तशी तयारी ठेवतो." तो भाबडेपणानं सगळ्यांकडे बघत होता. "मी बॅकअप आहे ना."

आईनं दादाकडे असं पाहिलं, की त्याच्या जागी मी असते तर पुण्याला पळून गेले असते.

मामा उंबऱ्याच्या आत आला. पहिल्यांदाच.

"वेंडर म्हणालास, मी हसलो," तो दादाला म्हणाला. त्याचा आवाज अगदी हलका होता. "दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवलं, बगा, भाच्यानं मला काय केलंय. मागच्या दारानं आलो. त्याचं पन काय न्हाई, गंमत केली मी. एक बँडवाला न्हाई आला तर दुसरा आणावा लागतोय, ते मला कळतंय. पण मामाला बॅकअप असतोय व्हय रं, इंद्रा? मी मेलो तरी ह्या पोरीचा मामा मीच असनार की."

मला एकदम कळलं, की परवापासून हा माणूस हे एकट्यानं गिळून बसलाय.

"मामा, तसं नाही," दादा म्हणाला. "ते फक्त रिस्क मिटिगेशन होतं."

"कसली रिस्क?"

"म्हणजे की-पर्सन डिपेंडन्सी. काही अनफोरसीन इव्हेंट झाला तर कंटिन्युइटी..."

मी हातातला केसांचा ब्रश त्याला फेकून मारला. तो त्याच्या छातीवर बसला. "दादा, मराठीत बोल!"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. कमरेच्या वॉकीटॉकीतून कुणीतरी विचारत होतं, "सर, पंगत धरायची का?" त्यानं तो बंद केला. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून ते जमेना.

"मागच्या दिवाळीत," तो शेवटी म्हणाला, "तुला मिरजेला दवाखान्यात नेलं होतं. छातीत दुखत होतं म्हणून. आई मंदिरात गेली होती. बाबा औषधं आणायला. मी एकटाच बाहेर बाकावर होतो. डॉक्टर आले आणि म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही."

"ते मला तू बोलला नाहीस," आई म्हणाली.

"कुणालाच नाही बोललो. मग मामा बरा झाला. पण लग्नाचं काहीही ठरवायला बसलो की तो बाक आठवायचा. हॉल ठरवताना, पत्रिका छापताना, सारखं मनात यायचं, मामा नसला तर? हे कुणाला विचारायचं? आईला? हिला? ऑफिसात असलं काही असलं की आम्ही त्याला रिस्क म्हणतो, पुढं बॅकअप लिहितो आणि विषय मिटतो. तसं केलं. फेटा दिला, साडी आणून ठेवली." त्यानं नाक पुसलं, सुटाच्या बाहीला. "विषय नाही मिटला. भीती वाटत होती मामा, लई भीती. अक्षत घेऊन तासगावला आलो असतो तर तुझ्या दारातच रडलो असतो. म्हणून नाही आलो."

'लई' हा शब्द त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकला.

मामानं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"मग 'मामा, मला भ्या वाटतंय' एवढं ग्रुपवर टाकायला काय झालं तुला?"

"व्हेंडर ग्रुपवर?"

"मग? मगदूम आण्णानं बायकोच्या गुडघ्याचं टाकलं की!"

दादा हसायला गेला आणि रडलाच. एवढा उंच माणूस वाकून मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता आणि मामा त्याची पाठ थोपटत म्हणत होता, "झालं, झालं. सूट खराब हुतोय. भाड्याचा हाय का इकत घेतलास?" मी पण रडत होते. माझ्या डोळ्यांतलं काजळ पार गालावर उतरलं होतं, आणि आई एका हातानं स्वतःचे डोळे आणि दुसऱ्या हातानं माझं काजळ पुसत होती.

"म्हणजे," शिवदासमामा हळूच म्हणाला, "मी आता खाली जाऊन बसू?"

"बसतोस कुटं?" मामा म्हणाला. "पळ खाली. रशीदभाईच्या मोठ्या ढोलाची पिशवी हाय, तिच्यात तळाला एक पुडकं हाय. तेवढं आण. आन् तो फेटा दे हिकडं."

पुडक्यात साडी होती. हळदीच्या रंगाची, हिरव्या काठाची, ढोलाच्या पिशवीत दबून घड्या मोडलेली.

"आणली होतीस तू?" मी म्हटलं.

"आणनार न्हाई व्हय?" मामा माझ्यावरच डाफरला. "बाहेर जावा सगळी, पोरीला साडी नेसू द्या. माझ्या स्लॉटला उशीर हुतोय."

मी ती तशीच चुरगळलेली नेसले. भटजींनी माइकवर "मुलीचे मामा" म्हणून आणखी बऱ्याच हाका मारल्या, आणि एकदा तर वैतागून "कुणाचे तरी मामा या" असंही म्हणाले. मग मामा आला. शिवदासमामाचा भगवा फेटा डोक्याला, आणि गळ्यात अजून तो निळा पट्टा. आईनं तो काढायला हात पुढं केला तर म्हणाला, "राहू दे. सक्तीचा हाय." त्यानं माझा हात धरला. तांब्याच्या तारेनं खरखरीत झालेला तो हात मला डोळे मिटूनही ओळखता आला असता.

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. मामा माझ्या पाठीशी उभा होता. रशीद मास्तरांनी त्या दिवशी बँड असा काही वाजवला, की वरातीतली घोडी बाहेर रस्त्यावर नाचायला लागली. आणि तेवढ्यात फोटोग्राफरनं दादानं दिलेल्या कागदावर नजर टाकून आवाज दिला, "मामा, फ्रेममधून बाहेर या. तुमचा स्लॉट संपला."

मामा खरंच निघाला. माझ्या पाठीवरचा हात सुटला. मी वळून काही बोलणार, तोच स्टेजच्या खालून दादा ओरडला.

"नाही संपला!"

त्याचा आवाज एवढा मोठा होता की बँड थांबला. सगळं कार्यालय त्याच्याकडे बघायला लागलं. केदारचे वडील हातात अक्षता घेऊन तसेच उभे राहिले. दादाचे कान लाल झाले होते, पण तो मागे हटला नाही. "मामाचा स्लॉट संपत नसतो," तो म्हणाला, तेवढ्याच मोठ्यानं.

मामानं त्या पट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि परत माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"मग ओव्हरटाइम लागंल," तो म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो."

आज माझी मुलगी शाळेत जाते. माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत केदारच्या आणि माझ्या मधोमध, जरा मागे, फेटा बांधलेला एक माणूस आहे आणि त्याच्या छातीवर 'व्हेंडर' लिहिलंय. नवीन ओळखीचे लोक विचारतात, हे काय? मी सांगते, मोठी गोष्ट आहे, बसा.

तो ग्रुप अजून चालू आहे. दादानं एकदा बंद करायचा प्रयत्न केला, पण मगदूम आण्णांनी ऐकलं नाही. मलाही त्यांनी नंतर त्यात घेतलं. त्यावर गुडघ्याची तेलं असतात, मोटारींचे आवाज असतात, भटजींचे मुहूर्त असतात. दादा अजूनही पुण्यातच आहे, आणि ऑफिसात अजून तसंच बोलतो, त्याचं पोट आहे त्यावर. कालच त्याचा एक संदेश आला, "मामा, रविवारी तासगावला येतोय. काम काही नाही."

खाली मामाचं उत्तर होतं, "ओके सर."